फक्त तुम्हीच सांगू शकाल असं काही

"सुयुन्चू! काकू, सुयुन्चू!" जिन्यातून हाक आली आणि माझ्या हातातला सोललेला बटाटा धप्पकन सिंकमध्ये पडला. आवाज नाझिकचा, माझ्या चुलतबहिणीचा. दुसरं कोण ओरडणार असं, भर दुपारी, तीन मजल्यांना ऐकू जाईल इतकं? चांगली बातमी जो पहिल्यांदा घेऊन येतो तो अशी सुयुन्चू मागतो. घरातल्याने आधी कबूल करायचं, देते म्हणून, मगच तो तोंड उघडणार. आणि एकदा दिली की दिली. माझ्या आजोबांच्या एका चुलतभावाने नातू झाल्याची बातमी आणणाऱ्याला चांगला चार वर्षांचा घोडा दिला होता. दोन दिवसांनी कळलं की नात झालीय, त्या शहाण्याने बाळंतिणीच्या खोलीत डोकावायच्या आधीच घोड्यावर टाच मारली होती. पण घोडा परत मागायची कुणाची छाती झाली नाही, आणि त्या नातीलाही जन्मभर नातवासारखं वागवावं लागलं. कारण सुयुन्चू घेतली गेली की बातमी पक्की होते, ती मागे घेता येत नाही. आमच्या घरी तर वडील गेल्यापासून असं कुणी ओरडत आलंच नव्हतं. म्हणून आई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावतच बाहेर आली. "देते गं बाई, देते! मागशील ते देते! आधी श्वास घे!" आणि मी तिथेच सिंकपाशी उभी राहिले. काय बातमी आहे ते मला ठाऊक होतं. सिंकमधला सोललेला बटाटा उचलून मी तो पुन्हा सोलायला लागले.

"ताईचा लेख! परदेशी मासिकात! फोटोसकट! उद्या येतोय!" नाझिकने मोबाइल आईच्या नाकासमोर धरला. मासिकाने पुढच्या अंकातल्या लेखकांची यादी आजच टाकली होती. यादी टाकणार हे मला सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि लेखाचं मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पडद्यावर माझा सहा वर्षांपूर्वीचा फोटो, हनुवटी एकच असतानाचा, आणि खाली लेखाचं नाव: 'जे आम्ही देऊन टाकलं'. "काय देऊन टाकलंत गं?" नाझिक हसत म्हणाली. "घोडे? कुरणं? की काकांची ती जुनी लाडा मोटार, जिचं दार दोरीने बांधावं लागायचं?" आई खदखदून हसली. आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. नाझिकला येतं, माझ्यापेक्षा सरस येतं, ती उन्हाळाभर परदेशी लोकांना डोंगरात फिरवते आणि त्यांच्याकडूनच तिला या मासिकाचा नाद लागला. आता एकदाचं सांगूनच टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल: नाझिक माझी चुलतबहीण नाही. ती माझी सख्खी बहीण आहे. तिला ते माहीत नाही. आणि त्या लेखात ते लिहिलेलं आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बाराशे शब्दांत.

मी हे का केलं असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे, पण ते तोंडात आणलं की जिभेवर थंड झालेल्या मेंढीच्या चरबीचा थर बसल्यासारखं होतं. माझं वर्तमानपत्र बंद पडलं त्याला आता सहा वर्षं झाली. त्यानंतर इथे बिश्केकमध्ये लिहून पैसे मिळवायचा एकच रस्ता उरला, साठीचे लेख. कुणा ठेकेदाराची साठी असते, त्याचे जावई येतात, म्हणतात, बापाबद्दल दोन पानं लिहून द्या, लहानपणी लांडग्याशी झुंजला होता असं काहीतरी घाला. मी लांडगा घालायची. एकाला अस्वल हवं होतं, त्याला अस्वल दिलं. ते दुसऱ्या वर्तमानपत्रात छापून यायचं, जावई छापण्याचे पैसे वर्तमानपत्राला द्यायचे आणि मला पाकीट. एकदा पाकिटाऐवजी मेंढीचा मागचा पाय आला, पिशवीतून रक्त ठिबकत, आणि जावई दारात उभा राहून म्हणाला, "ताजा आहे हो, सकाळीच कापलाय." मी घेतला. आईने त्याचं सूप केलं, छान झालं होतं, मी दोन वाट्या प्याले. मग एका मैत्रिणीने सांगितलं की बाहेरच्या मासिकांत लिही, दर सोमवारी एक यादी येते, कोणतं मासिक काय मागतंय, शब्दाला किती देतंय. मी नाव नोंदवलं. सोमवारी सकाळी चहा गार होईस्तोवर मी ती यादी वाचायची, भिकाऱ्याने मशिदीबाहेर जागा हेरावी तशी. आणि मग पत्रं लिहायची. वसंतात शहरातल्या पाटांना पाणी सोडणाऱ्या माणसावर लिहू का, चाळीस वर्षं तो एकच किल्ली घेऊन फिरतोय, त्याला प्रत्येक झाडाची तहान माहीत आहे. उत्तर: फार सुंदर, पण यात मोठा विषय दिसत नाही. आमच्या बंद छापखान्यातल्या अक्षरजुळणी करणाऱ्या म्हाताऱ्यांवर लिहू का? उत्तर: सध्या जागा नाही. कोळशाच्या धुराने हिवाळ्यात मुलांना जो खोकला येतो त्यावर? उत्तरच नाही. मग एकाने मोकळेपणाने विचारलं, गरुड घेऊन शिकार करणारं कुणी ओळखीचं आहे का? दुसऱ्याने विचारलं, तुमच्याकडे मुली पळवून नेतात ना, तुम्हाला पळवलं होतं का? मी लिहिलं, नाही, मी माझ्या पायांनी लग्न केलं आणि माझ्याच पायांनी सोडलं. त्यावरही उत्तर आलं नाही. स्वतःच्या पायांनी चालणारी बाई त्यांना नको होती. त्या रात्री मी शपथ घेतली की गरुड, पळवलेल्या नवऱ्या आणि भुकेली मुलं, हा आपल्याकडचा माल मी विकणार नाही. किती ताठ मानेने घेतली होती शपथ, आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग हॅरिएट. त्या मासिकाची संपादकीण, दिसायला कशी आहे देव जाणे, पण पत्रं फार गोड लिहायची. तिने माझा पाटांच्या माणसाचा लेख नाकारला आणि खाली एक ओळ टाकली: तुमच्याकडे फक्त तुम्हीच सांगू शकाल असं काही आहे का? मला काय झालं कळलं नाही. दुपारची वेळ होती, आई शेजारच्या खोलीत बातम्या ऐकत होती, आणि मी दहा मिनिटांत लिहून टाकलं. पंच्याण्णव सालचा हिवाळा, मी अकरा वर्षांची. माझे मोठे काका अबासकान आणि काकू सायरागुल, चौदा वर्षं संसार, मूल नाही. आमच्यात अशा भावाला आपलं मूल देतात, त्यात काही विचित्र नाही, प्रत्येक घराण्यात एखादं दिलेलं पोर असतंच, आणि बहुतेकांना मोठेपणी कुणीतरी हसत सांगूनही टाकतं. पण सायरागुलकाकूचं तसं नव्हतं. तिचं काळीज तेव्हापासूनच अधू, आणि भीती एकच, की पोरगी मोठी होऊन खऱ्या आईकडे पळून जाईल. बाळाला चाळीस दिवस झाले, चाळीस चमचे पाण्याने आंघोळ घातली, आणि मग काकूने चादरीवर एक नान ठेवला. सगळ्यांनी हात ठेवायचा, शपथ घ्यायची, आणि तुकडा मोडून खायचा. काकू म्हणाली, मी जिवंत आहे तोवर पोरीला कळता कामा नये. बाबांनी ठेवला, काकांनी ठेवला, आईने ठेवला, मीही ठेवला. नान गरम होता, माझं बोट पापुद्र्यातून आत गेलं. मग काका-काकू बाळ घेऊन आपल्या गावी, टोकमोकला निघाले, आणि आई खिडकीपाशी उभी राहिली, आणि तिच्या सदऱ्याची पुढची बाजू भिजत गेली, दोन मोठे काळे डाग, ते वाढत वाढत पोटापर्यंत आले. ती माझ्याकडे वळली नाही. "जा, कोळसा घेऊन ये," एवढंच म्हणाली. हे मी हॅरिएटला लिहिलं. दोन वर्षांत माझ्या कुठल्याच पत्राला चार दिवसांच्या आत उत्तर आलं नव्हतं. हिचं चाळीस मिनिटांत आलं. आईच्या त्या ओल्या सदऱ्याला भाव आला होता, चारशे डॉलर.

सायरागुलकाकू अजून जिवंत आहे. गेल्या महिन्यात तिला दवाखान्यातून घरी आणलं. मी नावं बदलली, हे मी स्वतःला कितीदा सांगितलं असेल! नाझिकची आयगाना केली, टोकमोकचं कारा-बाल्टा केलं. पण अधू काळजाची काकू तशीच ठेवली, कारण ती काढली तर शपथेत जीव उरत नव्हता. डोंगरात वाट दाखवणारी मुलगी तशीच ठेवली, कारण हॅरिएटला ते 'फार सूचक' वाटलं होतं. मग तिने विचारलं, बाळाचा एखादा फोटो मिळेल का, चेहरा धूसर करू. आईच्या बटणांच्या डब्यात तळाशी एकच फोटो आहे, तो तिने कधी कुणाला दाखवलेला नाही. मला तो कुठे आहे हे कसं माहीत, तर लहानपणी ती रात्री बघताना मी झोपेचं सोंग घेऊन तिला बघायची. आई बाजारात गेली तेव्हा मी डबा उपडा केला, फोटोचा फोटो काढला, बटणं परत भरली, आणि वर मुद्दाम ते मोठं हिरवं बटण ठेवलं, पूर्वी होतं तसं. चोरसुद्धा इतक्या निगुतीने चोरी करत नसेल.

"मग? काय देतेस काकू? शब्द दिलायस!" नाझिक जेवणाच्या टेबलावर चढून बसली, तिची नेहमीची खोड, पाय हलवत. मला वाटलं आई पाकिटात हात घालेल, किंवा ती मखमली शाल देईल जी कुणाच्याच अंगावर बरी दिसत नाही. आईने हात पुसले. मग दोन्ही हात कानांपाशी नेले आणि डूल काढायला लागली. चांदीचे, तळाशी पोवळ्याचे मणी, तिच्या आईचे, त्याआधी तिच्या आजीचे. ते लेकीला जातात. मला आज ना उद्या मिळणार असं धरून चालले होते मी, लग्न मोडलं तेव्हा आईच म्हणाली होती, तुझेच आहेत, घाई काय आहे. नाझिक टेबलावरून खाली उतरली. "अगं नाही काकू, वेड लागलंय का? मला चॉकलेट दे, मला सूप दे. हे ताईचे आहेत." "बातमी आणली कोणी? ताईने? ती तर तोंड शिवून बसली होती," आई म्हणाली. "इकडे ये. मान वाकडी कर." आणि आईने स्वतःच्या हातांनी ते तिच्या कानांत घातले, एक, मग दुसरा. कानाची पाळी गालाला चिकटलेली, अगदी आईसारखी, अगदी माझ्यासारखी. आईने ती पाळी दोन बोटांत धरली आणि गरजेपेक्षा क्षणभर जास्त धरून ठेवली. मग म्हणाली, "बरी दिसतेस," आणि वळून कढईखालची आच वाढवली, कारण आता बोरसोक, पिठाचे ते छोटे गोळे, तळायलाच हवे होते, चांगल्या बातमीच्या तेलाचा वास घरभर पसरायलाच हवा होता. नाझिकने मला मिठी मारली. तिच्या केसांना जाळाचा आणि घोड्याचा वास येत होता. "रागावलीस का गं? मी तुला परत देईन, लग्नात देईन," ती माझ्या कानात म्हणाली. तीस वर्षं आई वाट बघत होती आणि तिला आज निमित्त मिळालं. ते निमित्त मी होते, माझा तो घाणेरडा लेख होता. आणि मला रडू यायला हवं होतं. ते आलंच नाही. मला आली ती भलतीच गोष्ट, आणि ती कळल्यावर मला स्वतःची जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही: माझ्या मनात आलं, अरेरे, हे लेखात असायला हवं होतं.

मी न्हाणीघरात जाऊन कडी लावली. आमच्या न्हाणीघरात पाइप गळतो, खाली बादली, बादलीत थेंब. टबच्या कडेवर बसून मी हॅरिएटला लिहिलं: लेख मागे घेते, कृपा करून छापू नका, पैसेही नकोत. तीन ओळी. पाठवल्या. इतकं हलकं वाटलं की मी नळ सोडून तोंड धुतलं आणि आरशात बघून जवळजवळ हसले. बाहेर तेल चुरचुरत होतं, दोघी कशावर तरी खिदळत होत्या. पाच मिनिटांत उत्तर. तिच्याकडे सकाळ होती. हॅरिएटने लिहिलं होतं: अर्थातच, हा तुमचा हक्क आहे, आम्ही थांबवू. फक्त वरिष्ठांना कारण द्यावं लागेल, दोन ओळींत सांगाल का काय झालं? काय चांगली बाई! त्रास नाही, धमकी नाही. दोन ओळी मागितल्या होत्या. मी लिहायला लागले. सुयुन्चू म्हणजे काय ते लिहिलं. जिन्यातली हाक लिहिली, पिठाचे हात लिहिले. कानाची पाळी लिहिली. गालाला चिकटलेली, तिघींची सारखी. मग एक वाक्य खोडलं, कारण आधीच्यात 'हात' दोनदा आला होता. मग शेवट पुन्हा लिहिला. वीस मिनिटं झाली असतील, माझ्या मांड्यांना टबची कडा रुतून मुंग्या आल्या होत्या आणि मला ते कळलंही नव्हतं. इतकं सरळ, इतकं नेमकं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. पाठवलं. आणि पाठवल्यावर वाचलं. तिथे लिहिलं होतं, डूल घालताना आईचा हात थरथरत होता. आईचा हात थरथरत नव्हता. आईचा हात कधीच थरथरत नाही, तो सुरी धरल्यासारखा ठाम होता, मी डोळ्यांनी बघितलं होतं.

उत्तर आलं तेव्हा मी वाचायच्या आधीच मला माहीत होतं त्यात काय असणार. हॅरिएटने लिहिलं होतं, मी कार्यालयात बसून रडतेय. हाच शेवट आहे. तो थरथरणारा हात! तुम्हाला खरंच मागे घ्यायचंय? निर्णय तुमचाच, आम्ही आदर करू, पण अंक एका तासात बंद होतोय. छापायचं की काढायचं, एकच शब्द पाठवा. मी मोबाइल मांडीवर उपडा ठेवला. मग पुन्हा सुलटा केला. मला काकू आठवायला हवी होती, दवाखान्यातून आणताना खुर्चीत बसवून जिन्यातून उचललेली, हलकी, पिशवीसारखी. मला तो गरम नान आठवायला हवा होता. आणि आठवलाही, सगळं आठवलं, एकेक गोष्ट अगदी स्वच्छ डोळ्यांसमोर आली, आणि प्रत्येक गोष्टीबरोबर हेही आलं की ती कुठल्या वाक्यात किती शोभली आहे. पाटांच्या माणसावर कुणी रडलं नव्हतं. माझ्या खोकणाऱ्या मुलांवर कुणी रडलं नव्हतं. आयुष्यात माझ्या लिहिण्यावर पहिल्यांदा कुणीतरी रडत होतं, आणि ते एका खोट्या वाक्यावर. मी लिहिलं, 'छापा'. पाठवलं. बादलीत एक थेंब पडला, मग दुसरा. मला किळस आली, पण हात धुवावेसे वाटले नाहीत, आणि भूकही लागली होती, हे सगळ्यात वाईट.

"ताई! आत काय मासिक छापतेस का?" नाझिकने दारावर थाप मारली. मी कडी काढली. ती दारात उभी होती, तोंडात बोरसोक, गाल फुगलेला, कानांत डूल. "ऐक. मी आईला फोन केला, म्हणजे टोकमोकला. ती इतकी खूश झाली, म्हणाली, आपल्या घराण्यात कुणीतरी नाव काढलं. उद्या सगळ्यांनी तिच्याकडेच जमायचं ठरलंय. माझे बाबा मेंढी कापणार आहेत. आणि मी काय करणार माहितेय? मी तुझा लेख मोठ्याने वाचणार, सगळ्यांसमोर, एकेक वाक्य आपल्या भाषेत करून. आईला डॉक्टरांनी उठू नको म्हणून बजावलंय, पण ती म्हणतेय, उशांना टेकून बसेन, मला एकही शब्द चुकवायचा नाही." स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "मलाही सगळं नीट सांगायचं हं, पोरी, काही गाळू नकोस!" "काही गाळणार नाही गं काकू!" नाझिक ओरडली आणि मग माझ्याकडे वळून, हळूच, "तू येशील ना? तू नसलीस तर काय मजा."

"येते की," मी म्हटलं. आणि तिच्या चेहऱ्याकडे बघताना माझ्या डोक्यात आलं, उद्या काकूच्या अगदी समोर बसायचं, आणि वही न्यायला विसरायचं नाही.